खंड्या बिअर पीत नाही

आज जरा भांडायचं ठरवलंय. भांडण अनोळखी माणसांशी नाही. गेली पंधरा-सोळा वर्षं ज्यांच्याबरोबर रविवारी गळ टाकतोय त्यांच्याशीच आहे. त्यामुळे पुढचे काही रविवार मला घरी बसून काढावे लागण्याची दाट शक्यता आहे. असो.

तर विषय आहे बिअर. आमची पाच-सहा जणांची टोळी लोह्याहून लिंबोटीच्या धरणावर जाते. मन्याड नदीवरचं हे धरण, सरकारी कागदात त्याला ऊर्ध्व मानार प्रकल्प म्हणतात. आम्ही त्याला नुसतं 'लिंबोटी' म्हणतो. 'उद्या लिंबोटी?' एवढा निरोप पुरतो. बाकी सामान ज्याचं त्याला ठाऊक असतं. कुणी गांडुळं आणायची, कुणी कणीक, कुणी मीठ-मिरची आणि कढई. आणि कुणी बर्फाचा डबा.

गळ टाकून झाले, भेंडं पाण्यावर उभी राहिली, की दहाव्या मिनिटाला तो विषय निघतोच. 'गळाला कुठली बिअर बेस्ट?' इतक्या वर्षांत हा प्रश्न आमच्यात सुटलेला नाही. मेडिकलवाल्याचं मत किंगफिशर स्ट्राँग. प्लॉटिंगवाला हेवर्ड्स पाच हजारचा जुना भक्त, दुसरं काही दिलं तर 'हे काय सरबत आणलं का' म्हणतो. गुरुजींना (ते खरेच गुरुजी आहेत, म्हणून बाटली पेपरात गुंडाळून पितात) ट्युबोर्ग लागते, कारण तिचं झाकण कडी ओढून निघतं, ओपनर शोधत बसावं लागत नाही. इंजिनिअर पुण्यात राहून आलेला, त्यामुळे त्याला बडवायझर. आणि मी माइल्डवाला. म्हणून या चर्चेत माझं मत कुणी धरत नाही.

तर आज ते मत इथे सविस्तर देतो, कारण इथे मला कुणी मधेच तोडू शकत नाही. माझं म्हणणं असं, की गळाला कुठलीच बिअर चांगली नाही. गळ पाण्यात असेपर्यंत बाटली उघडायचीच नाही. गळ गुंडाळून झाल्यावर, घरी पोचल्यावर, मासा तव्यावर गेल्यावर कुठली पण प्या, माझी काही हरकत नाही. मी स्वतः पिणारा माणूस आहे. हे प्रवचन माळकऱ्याचं नाही, म्हणून कृपा करून 'तू कधीपासून महाराज झालास' असं म्हणू नका.

आधी हिशोब बघू. आमच्याकडे बिअर म्हणजे जवळजवळ स्ट्राँगच. लोह्यातच नाही, देशभर विकली जाणारी बहुतेक बिअर स्ट्राँगच असते. कारण सरळ आहे, माणूस चवीचे नाही, किकचे पैसे देतो. स्ट्राँगच्या लेबलवर बारीक अक्षरात अल्कोहोलची कमाल मर्यादा आठ टक्के लिहिलेली असते. मोठी बाटली ६५० मिलिची. आठ टक्क्यांनी त्यात ५२ मिलि शुद्ध अल्कोहोल झालं. आता व्हिस्कीचा साठचा पेग घ्या. आपल्याकडची व्हिस्की ४२.८ टक्क्यांची असते, म्हणजे पेगमध्ये साधारण २६ मिलि. थोडक्यात, स्ट्राँगची एक बाटली म्हणजे दोन लार्ज पेग. सात टक्के धरले तरी पावणेदोन. सकाळी दहा वाजता, उपाशीपोटी, उन्हात बसून कुणी चार लार्ज पेग व्हिस्की मारली तर आपण त्याला काय म्हणू? तेच दोन बाटल्या बिअर मारल्या तर म्हणतो, 'काही नाही हो, नुसती बिअर घेतली.' हे 'नुसती' मला नेहमी गंमतीचं वाटतं.

त्यात आमच्याकडचा उन्हाळा. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो. बर्फ साडेनऊला पाणी झालेला असतो. मग कुणीतरी बाटल्या तंगुसाला बांधून पाण्यात सोडतो, जणू काठावरचं पाणी फ्रिजमधलं आहे. काठचं उथळ पाणी तोवर आंघोळीइतकं कोमट झालेलं असतं. कोमट स्ट्राँग बिअरची चव ज्याने घेतली त्याला मी वेगळं काही सांगायची गरज नाही. त्यामुळे नियम असा पडला, की गरम व्हायच्या आत संपवायची. म्हणजे दोन पेगचा माल पंधरा मिनिटांत पोटात. आणि यावर तासभर चर्चा की कुठल्या कंपनीची चव चांगली! चव घ्यायला जीभ शुद्धीवर लागते, भाऊ.

आता तो पक्षी. किंगफिशर म्हणजे आपला खंड्या. बंगळूरच्या कंपनीने १९७८ साली या नावाची बिअर बाजारात आणली आणि खंड्या बाटलीवर जाऊन बसला. याच नावाची विमानं मधल्या काळात उडाली आणि २०१२ साली कायमची जमिनीवर बसली. बाटलीवरचा खंड्या मात्र जागचा हलला नाही. आमच्या भागात खंडोबा माळेगावचा आणि खंड्या बाटलीवरचा, दोघांचेही भक्त खंडीभर. पण मेडिकलवाल्याने एकदा तरी खरा खंड्या बघावा अशी माझी विनंती आहे. फार लांब जायला नको. आपण बसतो तिथून वीस पावलांवर, पाण्यात बुडालेल्या बाभळीच्या फांदीवर तो रोज असतो.

काय करतो तो? काही नाही. बसतो. मान खाली, नजर पाण्यात. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग एकदम दगडासारखा पडतो, वर येतो तेव्हा चोचीत मासोळी असते. फांदीवर नेऊन तिला आपटतो, मग डोक्याकडून गिळतो, म्हणजे काटे घशात अडकत नाहीत. त्याचा काळापांढरा जातभाई तर हवेत एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि तिथूनच सूर मारतो. किती वेळा नेम चुकतो त्याचा! पण नजर हलत नाही. सगळी मच्छीमारी म्हणजे एवढंच आहे, नजर न हलणं. ज्या पक्ष्याचं चित्र आपण बाटलीवर बघतो, त्याचं एकुलतं एक कौशल्य आपण त्याच बाटलीत बुडवतो. अमेरिकेत तर बुश नावाच्या बिअरच्या डब्यांवर चक्क मासे छापले होते. म्हणजे हा वेडेपणा काही एकट्या लोह्याचा नाही.

गळ म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ज्वारीच्या वाळल्या धांड्याची साल काढली की आत मऊ, पांढरं, हलकं भेंड निघतं. त्याचा बोटभर तुकडा तंगुसाला बांधायचा. (बाजारात रंगीत प्लास्टिकचे मिळतात, पण भेंडाइतकं हळवं त्यात काही नाही.) खाली शिशाचा मणी, त्याखाली काटा, काट्याला आमिष. मग त्या भेंडाकडे बघत बसायचं. ते भेंड बोलतं हो! चिलापी लागली की ते सुईसारखं टुक-टुक-टुक नाचतं, आणि तुम्ही घाई केली की रिकामा काटा हातात. वाम असली तर नाचत-बिचत नाही, आडवं होऊन हळूहळू सरकायला लागतं, जणू कुणी बोट धरून नेतंय. मरळ एका घासात घेते, भेंड गायबच. मृगळ तळाशी चरणारा, रहू मधल्या पाण्यातला, कटला वरच्या. कुणासाठी गळ किती खोल सोडायचा ते भेंड वर-खाली सरकवून ठरवायचं असतं. हे शिकायला मला चार-पाच वर्षं लागली आणि अजून अर्धंच येतं. दोन बाटल्यांनंतर हे अर्धंही राहत नाही. भेंड एक की दोन इथूनच सुरुवात होते.

गेल्या उन्हाळ्यात इंजिनिअरचा गळ अख्खा काठीसकट पाण्यात गेला. मोठा मासा असणार. साहेब तेव्हा बडवायझर आणि ट्युबोर्ग यांतला फरक समजावून सांगत होते.

आता वाद घालणारे म्हणतील, गळ आणि बाटली यांचं नातं जुनं आहे, जगभर आहे. आहे ना! मीच सांगतो. इंग्लंडात अलेक्झांडर नोवेल नावाचे एक मोठे धर्मगुरू होऊन गेले, १५६० पासून लंडनच्या सेंट पॉल चर्चचे डीन. गळाचा नाद इतका, की त्यांच्या तसबिरीतसुद्धा गळाचे काटे आहेत. थॉमस फुलर नावाच्या लेखकाच्या १६६२ साली छापलेल्या पुस्तकात त्यांची एक आख्यायिका आहे. हे महाशय मासे धरायला गेले असता एलची (म्हणजे तिथली त्या काळची बिअर) बाटली गवतात तशीच राहून गेली. काही दिवसांनी ती सापडली, उघडली, तर बंदुकीसारखा बार झाला. बाटलीत एल आणखी मुरली होती. इंग्लंडात बाटलीबंद बिअरची सुरुवात तिथून झाली असं लोक मानत, असं फुलर सांगतो. खरं-खोटं त्यांचं ते जाणोत. पण गोष्ट नीट ऐका. बाटलीबंद बिअरचा जनक गळवाला होता हे खरं मानलं, तरी तो जनक झाला कशामुळे? तर बाटली गवतात विसरल्यामुळे! गळाच्या जागी बसून त्याने ती पिऊन टाकली असती तर शोध लागला नसता. म्हणजे आमच्या धंद्याचा मूळपुरुषसुद्धा माझ्याच बाजूचा आहे.

त्याच इंग्लंडात आयझॅक वॉल्टनने १६५३ साली गळावर पुस्तक लिहिलं. गळवाल्यांचं ते गीता-बायबल समजलं जातं. त्यातली माणसं पितात, भरपूर पितात, पण कुठे? वाटेवरच्या गुत्त्यात, सकाळी निघताना, नाहीतर संध्याकाळी मासा शिजायला टाकल्यावर. आमच्याकडच्या म्हाताऱ्या लोकांचा क्रमही तोच होता. आधी मासा, मग कालवण, मग जे काय असेल ते. आता आम्ही सुरुवात शेवटापासून करतो, आणि मधला मासा राहूनच जातो. परत येताना लोह्याच्या बाजारातून किलोभर रहू घेऊन घरी 'मी धरला' म्हणून सांगणारे मला माहीत आहेत. नावं सांगत नाही. (एकदा मीही सांगितलंय.)

आता आक्षेप एकेक करून घेतो.

पहिला आक्षेप, 'उन्हाचं काहीतरी थंड पाहिजे.' बिअर थंड असते, पण अल्कोहोल शरीरातलं पाणी राखत नाही, घालवतं. लघवी आवरून धरणारं जे संप्रेरक मेंदूतून येतं तेच ते दाबून टाकतं. म्हणून तर दर वीस मिनिटांनी एकेक जण बाभळीमागे जातो. बेचाळीस डिग्रीत घाम आधीच चाललेला, त्यात हे. संध्याकाळी जे डोकं ठणकतं ते 'ऊन लागलं' म्हणून आपण उन्हावर ढकलतो. ताक न्या, लिंबू-मीठ न्या, मडक्याचं पाणी न्या. आणि खरं सांगायचं तर उन्हाळ्यात दुपारी गळ टाकायचाच कशाला? कोमट पाण्यात प्राणवायू कमी राहतो, मासा खोल जाऊन गप पडतो. पहाटे आणि दिवस कलताना तो खातो. दुपारी बाराला आपण मासे धरायला बसत नाही, प्यायला बसतो. ते तरी कबूल करा.

दुसरा आक्षेप, 'कणकेच्या गोळ्यात बिअर घातली की मासा वासाने येतो.' येत असेल. आंबलेल्या वासावर मासे येतात हे जगभरचे गळवाले सांगतात. पण त्याला झाकणभर पुरते. आणि रात्रीचं शिळं पीठ ताकात भिजवून ठेवलं तरी सकाळपर्यंत ते आंबतं. उरलेली साडेसहाशे मिलि कुठल्या माशासाठी आणली होती?

तिसरा आक्षेप प्लॉटिंगवाल्याचा. 'बिअर म्हणजे काय, पाणीच की.' बरोबर, पाणीच. पण कुठलं पाणी? आमच्या भागात येणारी पुष्कळशी बिअर संभाजीनगरकडच्या, वाळूज वगैरे भागातल्या कारखान्यांतून येते, आणि त्या कारखान्यांना पाणी जायकवाडीचं, म्हणजे गोदावरीचं. एक लिटर बिअर काढायला कारखान्यात धुणं-धावणं धरून चार-पाच लिटर पाणी लागतं. २०१६ चा उन्हाळा आठवा. एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात कपात करायला लावली, ती पुढे साठ टक्क्यांपर्यंत गेली. मी काही बिअरमुळे दुष्काळ पडतो असं म्हणत नाही, शेती आणि शहरांपुढे कारखान्यांचं पाणी थोडं आहे हे मला कळतं. माझं म्हणणं एवढंच, की मराठवाड्याच्या माणसाने धरणाच्या काठावर बसून 'पाणीच की' हे शब्द तोंडातून काढताना जरा विचार करावा.

चौथा आक्षेप, 'आपण कुणाला त्रास देतो?' याच्यावर शेवटी येतो. आधी स्वतःला होणारा त्रास. धरणाच्या भरावावरचे दगड शेवाळलेले असतात. फुगवट्याकडे काळ्या मातीचा गाळ, पाय गुडघ्यापर्यंत जातो. वर तडकलेली साय, आत लोणी. पोहायला येणाऱ्याचंही तिथे काही चालत नाही. जगात दर वर्षी तीन लाखांच्या आसपास माणसं बुडून मरतात असं जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज सांगतो. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या नोंदीत जीवघेण्या बोट अपघातांच्या कळलेल्या कारणांत दारूचा नंबर वर्षानुवर्षं पहिला आहे. आमच्याकडे कोण नोंद ठेवतो? 'पाय घसरून पडला' एवढीच बातमी येते. आणि बुडला नाही तर परतीचा रस्ता आहेच, नांदेड-लातूर हायवे, ट्रकच्या रांगा. गाडी चालवणाऱ्याच्या १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल असलं की कायद्याने तो गुन्हेगार. स्ट्राँगच्या एका बाटलीने बहुतेकांची ही रेघ ओलांडली जाते. मागे बसणाऱ्याने कुणाच्या भरवशावर बसायचं?

आता चौथा आक्षेप. 'आपण कुणाला त्रास देतो?'

धरणातल्या मासेमारीचा ठेका संस्थेकडे असतो, जाळी भोई लोकांची. आम्ही हौशी गळवाले तिथे पाहुणे. जाळ्याला धक्का लावला नाही तर ते सहसा काही बोलत नाहीत, उलट 'तिकडं बसा मालक, तिकडं शिंगटा हाय' म्हणून जागा दाखवतात. त्यांतलेच एक मामा, साठीच्या पुढचे. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून हाताने पाणी मारत जाळं टाकणारे. मला वामीचा काटा कसा बांधायचा ते त्यांनीच शिकवलं. माझ्याकडून त्यांनी कधी काही घेतलं असेल तर तंबाखूची चिमूट.

आमच्या टोळीत एक खेळ होता. रिकामी बाटली झाकण लावून पाण्यात फेकायची. ती मान वर करून तरंगते. मग काठावरून दगड मारून फोडायची. जो फोडेल त्याची पुढच्या रविवारची वर्गणी माफ. मंडळी, लाजिरवाणी गोष्ट सांगतो, या खेळात माझा नेम सगळ्यांत चांगला होता. माइल्डवाला असल्यामुळे असेल. दिवाळीच्या सुमारास धरण तुडुंब असतं, काच तळाशी जाते, वर काहीच दिसत नाही. खेळ संपला, घरी गेलो.

पण धरणाचं पाणी एका जागी राहत नाही. होळीपर्यंत ते पार आत सरकतं. जिथे दिवाळीत दहा फूट पाणी होतं तिथे गाळ उघडा पडतो. त्या गाळावर लोक गाळपेर करतात, काकडी, टरबूज, भाजीपाला लावतात. बाया अनवाणी खुरपतात. जनावरं पाण्यावर उतरतात ती त्याच वाटेने. आणि जाळंवाले तराफा खांद्यावर घेऊन त्याच गाळातून चालत पाण्यापर्यंत जातात. पायात चप्पल घालून गाळात चालता येत नाही, ती आत राहते.

तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये मामा काठावर बसलेले दिसले. डाव्या पायाला धडुतं बांधलेलं. म्हटलं, 'मामा, काय लागलं?' म्हणाले, 'काच गेली. लई आत गेली.' टाके पडले होते. टाके घालताना शुगर निघाली, जखम भरेना. पाणी उतरल्यावर मासा एका जागी गोळा होतो, वर्षाची खरी कमाई त्या दोन-तीन महिन्यांत. ते सगळे महिने मामा काठावर बसून होते आणि जाळं पुतण्या टाकत होता.

प्लॉटिंगवाल्याला गप्प राहवत नाही. त्याने विचारलं, 'मामा, कुठल्या कंपनीची बाटली होती?' चेष्टा नव्हती, खरंच सहज विचारलं त्याने. मामा म्हणाले, 'काच होती मालक. काचंला कुठं कंपनी असती?'

ती जागा आमच्या बसण्याच्या जागेसमोरचीच. बाटली माझीच होती असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, तिथे आणखीही टोळ्या बसतात. पण माझी नव्हती असंही मला म्हणता येत नाही. आणि त्या दिवसापासून 'गळाला कुठली बिअर बेस्ट' ही चर्चा निघाली की मला काही सुचत नाही. मी उठून गांडुळं बघायला जातो. इतकी वर्षं आम्ही ज्यावर भांडलो त्या प्रश्नाचं उत्तर मामांनी तिथल्या तिथे देऊन टाकलं होतं, आणि आम्ही त्यावर हसलो होतो. मीसुद्धा हसलो होतो.

मामांचा पाय आता बरा आहे. थोडे लंगडतात. त्या खेळाबद्दल मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. दोनदा ठरवलं, दोनदा तंबाखू देऊन परत आलो. हे इथे लिहून काढण्याचं खरं कारण तेच आहे. चार लोकांसमोर एकदा बोलून गेलं की मग माघार घेता येत नाही. या रविवारी टोळी नेईल न नेईल, मी एकटा जाऊन सांगणार आहे. त्यावर ते काय म्हणतील ते म्हणोत.

टोळीला माझं म्हणणं तीन वाक्यांत सांगतो. गळ पाण्यात असेपर्यंत बाटली बंद. बिअर प्यायची ती घरी, परत गाडीला हात लावायचा नसेल तेव्हा. आणि धरणावर एकही काच जाणार नाही. जुन्या ज्या दिसतील त्या येताना पोत्यात भरून आणायच्या. अख्खी बाटली भंगारवाला दोन पैसे देऊन घेतो, ती धुऊन परत भरायला जाते. म्हणजे कुणाला दानधर्म करायलाही सांगत नाही. हे मान्य नसेल तर माझी वर्गणी धरू नका.

राहिला मूळ प्रश्न, कुठली बिअर बेस्ट. विचारलंच आहे तर सांगतो. संध्याकाळची वेळ, अंगणात खाट, हातपाय धुतलेले, आत मरळ मसाल्यात रटरटतेय, फ्रिजमधून काढलेली कुठलीही एक माइल्ड, तीही दोघांत वाटून. चव लागते हो तिला. पहिल्यांदा मलाही खरं वाटलं नव्हतं.

असो. फार लांबलं. पहाटे पाचला निघायचंय, आणि भेंडं अजून सोलायची आहेत.